ओहोटीचं गाव

टबाच्या तळातल्या भोकाच्या कडेला निळ्या प्लॅस्टिकचं एक कुसळ अजून वर आलेलं होतं. दात घासता घासता त्याने ते अंगठ्याने दाबून पाहिलं – दबलं, आणि अंगठा उचलताच पुन्हा उभं राहिलं. टब एकेकाळी मुलीच्या आंघोळीचा होता. आता त्यात कपड्यांचे चिमटे पडलेले असतात. भोक त्यानेच पाडलेलं, कामावरच्या ड्रिलने, बायको झोपली असताना, न्हाणीघराचं दार लावून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून टबाखाली जुना टॉवेल घालून... आणि मग तो तिला म्हणाला होता, अगं, टबला तडा गेलाय, पाणी राहणार नाही आता त्यात. तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं होतं, सावकाश, पूर्ण वळसा. “तडा बरा गोल गेला,” एवढंच म्हणाली होती. त्यानंतर मुलीची आंघोळ बादलीतून मगाने पाणी घेऊन व्हायला लागली, आणि ती बादली भरून द्यायचं काम आपोआप त्याच्याकडे आलं.

“ठरलं का?” बाहेरून तिचा आवाज आला.

तोंडात फेस होता म्हणून त्याला उत्तर द्यावं लागलं नाही.

ठरवायचं होतं ते गाव. समुद्रकाठचं कुठलंही, दोन-तीन दिवसांपुरतं. रजा शुक्रवारपासून मंजूर झालेली, आज बुधवार, आणि खोली आज राखून ठेवली नाही तर मिळणार नाही हे त्यालाही कळत होतं. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बायकोला नेहमीचा प्रश्न विचारला होता – काय करावंसं वाटतं? – आणि बायकोने नेहमीसारखं ‘काही नाही’ न म्हणता खिडकीकडे बघत म्हटलं होतं, “समुद्राला जावंसं वाटतं. आम्ही तिघंच.” डॉक्टरीणबाईंचा चेहरा असा उजळला की जणू नापास होत आलेलं पोर पहिल्या वर्गात पास झालं. त्यांनी कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं. तोही हसला. जाऊ या की, म्हणाला. इतक्या महिन्यांत तिला पहिल्यांदा काही हवंसं वाटलं होतं, आणि ते पाणी होतं.

तेव्हापासून तो फोनवर फोटो बघत होता. माणसं अशा फोटोंत सूर्यास्त बघतात, वाळू बघतात; तो कठडे बघत होता. तीन गावं शेवटी उरली होती. एक बंदराचं – तिथे भिंत संपते तिथेच समुद्र सुरू होतो, खोल, हिरवा-काळा, आणि भिंतीला कठडा नाही. दुसरं खडकांचं, खडकांमध्ये पाण्याची डबकी साचतात, पोरं त्यांत खेकडे शोधताना दिसतात. वरून उथळ वाटणारी डबकी आत किती खोल असतात हे फोटोत कळत नाही. आणि तिसरं ओहोटीचं. तिथे समुद्र दिवसातला बराच वेळ नसतोच. करड्या, ओल्या चिखलाचं मैदान पसरलेलं असतं आणि पार टोकाला, असेल असेल असं वाटणारी एक चकाकी. तिथे येऊन गेलेल्या कुणीतरी रागाने लिहिलं होतं की समुद्र बघायला गेलो आणि समुद्र शोधत फिरलो. ते वाचून त्याला बरं वाटलं होतं.

मुलगी – घरात सगळे तिला ठमी म्हणत – खुर्चीत बसून दुधात पाव बुडवत होती. “बुडला,” ती समाधानाने म्हणाली. बायकोने तिचं तोंड पुसलं. बायको बरी दिसत होती. हल्ली ती बरी दिसते, केस विंचरते, सकाळी चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, दुपारी जेवायच्या वेळेला परत येते, गिऱ्हाइकांच्या गमती सांगते. ठमी मात्र पाळणाघरातच राहते, तो संध्याकाळी घेऊन येईपर्यंत. तुला दुपारी जरा विश्रांती मिळते, असं त्याने म्हटलं होतं, आणि ती हो म्हणाली होती. तिने कधी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं असं त्याला कधी कधी वाटे.

“संध्याकाळी सांगतो,” तो बूट घालत म्हणाला. “नक्की.”

“तू ठरव. तुला ते बरं जमतं,” ती म्हणाली. यात टोचणी होती की नव्हती, हे त्याला पाळणाघराच्या फाटकापर्यंत कळलं नाही, नंतरही नाही.

त्याचं काम लिफ्टचं. बसवायचं नाही, बसलेल्या लिफ्ट सुरक्षित आहेत की नाहीत ते बघायचं. त्या दिवशी एका सात मजली दवाखान्यातली जुनी लिफ्ट होती. केबिनच्या टपावर उभं राहून तो आणि त्याचा जोडीदार दोरांवरून चिंधी फिरवत होते – दोराची एखादी तार तुटलेली असली की चिंधी तिथे अडकते. जोडीदाराला सगळे पैलवान म्हणत, कारण तो इतका किडकिडीत होता की दोन मजल्यांच्या मधल्या फटीतून बाहेर पडेल असं वाटावं.

“समुद्राला चाललायस म्हणे,” पैलवान म्हणाला. “बंदराच्या गावाला जा. डोळे मिटून जा. संध्याकाळी भिंतीवर पाय सोडून बसायचं, खाली लाटा. माझी बायको तर उठायलाच तयार नव्हती.”

“कठडा नाही ना तिथे?”

“भिंतीला कसला कठडा? बसणार कुठे मग?”

“आणि ते ओहोटीचं गाव?”

पैलवान हसला. “तिथे चिखल तुडवायला जायचंय का? समुद्र हवाय की डबकं, ते ठरव आधी.”

“पोरगी लहान आहे रे. पळते. म्हणून विचारतोय.”

“पोरीचं काय एवढं? तिची आई असणारच की शेजारी.”

चिंधी अडकली होती. त्याने खाली वाकून पाहिलं – तार तुटली नव्हती, ग्रीसचा वाळलेला गोळा होता. नखाने तो खरवडत राहिला, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ. पायांखाली केबिन, केबिनखाली सात मजल्यांचा अंधार. याची त्याला कधी भीती वाटली नव्हती. कारण इथे प्रत्येक गोष्टीला दुसरी गोष्ट धरून असते. दोर तुटला तर ब्रेक आवळतो, आणि तोही चुकला तर खाली खड्ड्यात स्प्रिंग असते. माणसाचं असं नसतं. माणसाच्या आत काय कशाला धरून आहे हे टपावर चढून बघता येत नाही.

...दीड वर्षापूर्वीच्या त्या दिवशी तो लवकर घरी आला होता. इमारतीतली वीज गेली आणि काम राहिलं, बाकी कारण काही नव्हतं. न्हाणीघराचं दार उघडं. नळ चालू. निळ्या टबात ठमी, नुकती बसायला शिकलेली, आणि पाणी तिच्या हनुवटीला टेकलेलं. ती रडत नव्हती. हनुवटी वर करून, ओठ घट्ट मिटून, ती विलक्षण गंभीरपणे बसली होती, एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखी. आणि स्टुलावर, हात पुढे केला की पोचेल एवढ्या अंतरावर, बायको. हात मांडीवर. नजर मुलीवर. त्याने नळ बंद केला, मुलीला उचललं, तिच्या अंगावरून निथळणारं पाणी त्याच्या बुटांत गेलं, आणि तेव्हा कुठे बायकोने मान वर केली.

“मी बघत होते ना,” ती म्हणाली.

चिडून नाही. घाबरूनही नाही. एवढं एकच वाक्य, आणि तेव्हापासून तो ते उलटंपालटं करून पाहतोय. पोरीला बघणं म्हणजे सांभाळणं. जरा बघ हं तिच्याकडे, असं आपण शेजारणीलाही म्हणतो. पण बघणं म्हणजे नुसतं बघणंही. पाऊस बघतात तसं. आग लागलेली लांबून बघतात तसं. कुठलं बघणं होतं ते? विचारायचं राहून गेलं. आधी ती आजारी होती म्हणून, मग औषधं सुरू होती म्हणून, आणि आता ती बरी दिसते म्हणून. डॉक्टरीणबाईंना ती झोपत नाही, जेवत नाही हे सांगितलं. टबाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

सांगितलं फक्त ताईला, थोरल्या बहिणीला. ती तेव्हा काही महिने येऊन राहिली होती. दुपारच्या सुट्टीत दवाखान्याच्या मागच्या जिन्यावर बसून त्याने तिलाच फोन लावला.

“कुठलं गाव घेऊ, तेच कळत नाहीये.”

“जाऊच नकोस,” ताई म्हणाली. “डोंगरावर जा कुठेतरी.”

“तिला समुद्रच हवाय.”

“तिला हवाय म्हणूनच म्हणते.” मग मऊ आवाजात, “बरं, मी येते बरोबर. सांग तिला, ताईनेही बऱ्याच दिवसांत समुद्र पाहिला नाही. रात्री मी ठमीला घेऊन झोपेन, दिवसा आपण दोघं आळीपाळीने. तिला कळणारसुद्धा नाही.”

त्याला एकदम हलकं वाटलं. खांदे खाली आले. हो म्हणायला त्याने तोंड उघडलंही, आणि समोर चित्र उभं राहिलं – करड्या चिखलावरून चालणारी चार माणसं, मध्ये बायको, दोन्ही बाजूंनी ते दोघं, एक डाव्या हाताला, एक उजव्या. कैद्याला कोर्टात नेतात तसं. आम्ही तिघंच, असं ती म्हणाली होती.

“कळवतो,” तो म्हणाला.

“अरे, तुझ्या भल्याचंच सांगतेय.”

“माहीत आहे गं.”

दुपारभर तो मन लावून काम करत राहिला आणि संध्याकाळी पाळणाघराच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याचं ठरलं होतं. ओहोटीचं गाव. तळमजल्यावरची खोली. ताई नको, पण आपण तिच्या मागेच राहायचं, छोट्या छोट्या निमित्तांनी. जमेल. दीड वर्षं जमलंच की.

पाळणाघरातल्या मावशी चटया गुंडाळत होत्या. त्याला बघून त्या गोंधळल्या.

“ठमी? ती दुपारीच गेली की. आई घेऊन गेली.”

“आई?”

“तुम्ही म्हणाला होतात, दुसरं कुणी आलं तर फोन करा म्हणून. पण म्हटलं, आईच ती... तिला कसं अडवायचं?” मावशींच्या हातातली चटई तशीच राहिली. “काही झालंय का?”

“नाही, नाही. विसरलोच मी,” तो म्हणाला, आणि कोपरा वळेपर्यंत चालत गेला. मावशी बघत असणार म्हणून. मग पळाला.

पळताना माणूस विचार करत नाही असं म्हणतात, ते खोटं. फळवाल्याची गाडी, वाकडा दिव्याचा खांब, सायकल शिकणारी एक बाई – सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि त्यातून एकच हिशेब चाललेला. दुपारपासून. दुपारपासून दोघीच. तिला फोन करावा... आणि तिने उचलला नाही तर? न उचललेला फोन हातात धरून उरलेला रस्ता पळायचा? त्याने फोन खिशातून काढलाच नाही.

किल्ली त्याने हळूच फिरवली. का हळूच, ते त्याला तेव्हा कळलं नाही.

स्वयंपाकघराच्या फरशीवर कपडे भिजवायचं मोठं घमेलं होतं, पाण्याने भरलेलं. ठमी त्याच्या काठावर पोट टेकून आत वाकली होती, पाय जवळजवळ अधांतरी. तळाला गेलेला चमचा तिला काढायचा होता. कोपरापर्यंत हात पाण्यात, मग खांद्यापर्यंत, मग गाल पाण्याला टेकला. शेजारी स्टुलावर बायको बसली होती. हात मांडीवर.

हाक मारायला हवी होती. चार पावलांवर होतं सगळं. तो दारातच उभा राहिला. ठमीचं नाक पाण्याच्या अगदी वर आलं, तिचे केस पाण्यावर पसरले, आणि तो उभाच...

बायकोचा हात पुढे झाला आणि तिने फ्रॉकची पाठ मुठीत धरली. घाई न करता. मग मान वळवून तिने त्याच्याकडे पाहिलं.

त्याच्या किल्लीचा आवाज तिने ऐकला होता का? ऐकला म्हणून हात पुढे झाला का? हे आता कधीच कळणार नव्हतं.

“आलास,” ती म्हणाली. तिने ठमीला वर उचललं, ओली, गळणारी, चमच्यासाठी आरडाओरडा करणारी, आणि त्याच्या हातात दिली. “पूस तिला. टॉवेल खुर्चीवर आहे.”

तो पुसत राहिला. कान, मान, बोटांच्या बेचक्या. पोरीचं अंग गरम होतं.

“ठरलं का गाव?”

“ओहोटीचं घेऊ या म्हणतो. शांत आहे. पाणी...”

“पाणी नाहीच तिथे,” ती म्हणाली. “फोटो मीही बघितलेत.” तिने घमेलं मोरीकडे ओढलं आणि तिरकं केलं, पाणी गटगट आवाज करत जाऊ लागलं. “बंदराचं घे.”

“तिथे कठडा नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

ती पाण्याकडे बघत होती. “मला तिथे हिला घेऊन उभं राहायचंय. तू लांब उभा राहा, दिसेल इतका लांब. मला मागून येणारं कुणी नकोय. ताईसुद्धा नकोत.” ताईचा फोन येऊन गेला असणार; ते तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. “दीड वर्षात हिला घेऊन मी एकटी कुठे गेलेय, सांग. कोपऱ्यावरच्या दुकानात तरी?”

“तुला विश्रांती...”

“अरे, असू दे आता ते.”

ठमीने मोरीत पडलेला चमचा उचलला आणि दोघांच्या मध्ये फरशीवर बसून ती तो आपटायला लागली. त्या आवाजात बोलणं सोपं झालं. तो म्हणाला, “त्या दिवशी... तू बघत होतीस म्हणालीस.”

“हो.”

“म्हणजे काय?”

तिने घमेलं आणखी तिरकं केलं. “पाणी चढत होतं ते दिसत होतं मला. उचलायला हवं, तेही कळत होतं. मधलं काहीतरी नव्हतं. कळण्यापासून हातापर्यंत जे असतं ना, ते. मी वाट बघत होते की हात उठेल.”

“आणि मी आलो नसतो तर?”

“तेच ना,” ती म्हणाली. “मला माहीत नाही. उठला असता असं मी म्हणू शकते, तुलाही बरं वाटेल, पण मला माहीत नाही. आज उठला. उद्याचं कोण सांगणार?” तिचा आवाज अगदी साधा होता, दुकानातलं काहीतरी सांगत असल्यासारखा. “डॉक्टरीणबाई म्हणतात, बरं वाटतंय ना मग झालं. तू तर काही म्हणतच नाहीस, नुसता सगळ्या घरात माझ्या पुढे पुढे धावतोस. माझं मला कळू दे की रे एकदा.”

त्याला दीड वर्षं असंच वाटत आलं होतं की विचारलं की उत्तर मिळेल – हे किंवा ते – आणि मग त्याप्रमाणे काहीतरी करता येईल. मिळालं ते उत्तर नव्हतं. आणि ती इतके दिवस या ‘माहीत नाही’बरोबर एकटीच राहत होती, तो बादल्या भरत होता तेव्हा.

“पाव संपलाय,” तो म्हणाला. “घेऊन येतो.”

ठमीने हात वर केले. रोज तो तिला कडेवर घेऊनच खाली जायचा. त्याने बायकोकडे पाहिलं. ती मोरीत घमेलं उपडं घालत होती, पाठमोरी, काही न सुचवता. “तू आईजवळ थांब,” तो ठमीला म्हणाला, आणि दार ओढून घेतलं. जिना उतरताना दर वळणावर कान मागे जात होते.

दुकानात त्याच्या पुढे एकच गिऱ्हाईक होतं, तरी नंतर आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना त्याने हाताने पुढे जाऊ दिलं. मुद्दाम नाही... मुद्दामच. रस्त्यावरून वरची खिडकी दिसते. बघायचं नाही असं ठरवून त्याने बघितलं – दिवा लागलेला, पडदा, बाकी काही नाही. आता वर जाऊ तेव्हा सगळं ठीक असेल. बहुतेक असेल. आणि त्यातून काहीच ठरणार नाही, उद्याही नाही, बंदराच्या भिंतीवरही नाही, ठमी भिंतीवर पाय सोडून बसेल आणि हसेल आणि तिघं जेवायला परत येतील तरीही नाही. खात्री अशी कधी येणारच नाही. हे कळल्यावर जीव घाबरा व्हायला हवा होता, पण त्याला फक्त थकल्यासारखं वाटलं, फार ओझं धरून उभं राहिल्यावर हात बधिर होतात तसं.

आणि त्या बधिरपणातून दुसरंच वर आलं. मी दारात किती वेळ उभा होतो? पोरीचे केस पाण्यावर पसरेपर्यंत. गाल, मग नाक. चार पावलं, आणि मी हललो नाही, हाक मारली नाही, श्वाससुद्धा रोखून धरला – किल्लीसारखाच, हळूच. मला मुलगी वाचवायची नव्हती त्या क्षणी. मला काय होतं ते हवं होतं. दीड वर्षाचा संशय एकदाचा खरा तरी व्हावा, म्हणून मी माझी पोर पाण्यावर वाकलेली राहू दिली. आणि तिने मान वळवली तेव्हा माझ्या चेहऱ्यावर हे सगळं असणारच.

“तुम्हाला काय देऊ?” दुकानदाराने विचारलं.

त्याने पाव घेतला. दुकानदार पुढच्याकडे वळला, तरी तो कडेला तसाच उभा राहिला. वर जायचं होतं. फोन करून बंदराच्या गावातली खोली सांगायची होती, किंवा नव्हती. पण डोळ्यांसमोर एवढंच होतं की तिने त्याला दारात उभं असलेलं पाहिलं होतं, किती वेळ उभा आहेस असं विचारलं नव्हतं, आणि पोर उचलून त्याच्याच हातात दिली होती.